एक कादंबरी, अनेक मुखपृष्ठे : जुन्या विज्ञानकादंबऱ्यांच्या आवृत्त्यांची तुलना कशी करावी

एकाच विज्ञानकादंबरीची वेगवेगळ्या काळातली मुखपृष्ठे शेजारीशेजारी मांडली की नवा वाचक बहुधा त्यांतले सर्वांत देखणे कोणते ते शोधू लागतो. हा शोध लवकर संपतो आणि त्यातून फारसे काही हाती लागत नाही. प्रत्येक मुखपृष्ठ कोणत्या साली आणि कोणत्या वाचकासाठी छापले गेले हे आधी ठरवावे, आणि मग चित्रकाराने कादंबरीतले नेमके काय उचलले व काय बदलले हे मजकूर उघडून तपासावे. माझ्या मते या छंदाचा सारा कस या दुसऱ्या कामात लागतो, कारण मुखपृष्ठ म्हणजे कोणीतरी केलेले त्या कादंबरीचे वाचन असते आणि ते वाचन बरोबर आहे की नाही हे फक्त कादंबरीच सांगू शकते.

यासाठी मोठा संग्रह किंवा शहरात राहणे आवश्यक नाही. वर्धा, यवतमाळ, बुलढाणा किंवा गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या गावात राहणाऱ्या वाचकाला एक स्मार्टफोन, दोनशे पानी वही, मोजपट्टी आणि तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व एवढ्यावर हे काम नीट करता येते.

सुरुवात एकाच कादंबरीपासून

पहिल्या वेळी एकच कादंबरी घ्यावी. माझी शिफारस एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ची आहे. ही कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने आली. वेल्स यांचे निधन १९४६ मध्ये झाल्यामुळे भारतात तिचा स्वामित्वहक्क संपला आहे, आणि तिचा संपूर्ण इंग्रजी मजकूर ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. ही मजकुराची फाइल अगदी लहान असते, त्यामुळे नेटवर्क कमकुवत असले तरी ती एकदा उतरवून घेतली की पुढे इंटरनेटची गरज राहत नाही. मंगळावरून आलेले आक्रमक तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून इंग्लंडचा ग्रामीण भाग आणि मग लंडन उद्ध्वस्त करतात, एवढे कथानक सुरुवातीला पुरे आहे. मात्र तुलना करण्यापूर्वी कादंबरी पूर्ण वाचावी, आणि वाचताना तिपायी यंत्रे, उष्णताकिरण, काळा धूर, तांबडी वनस्पती, जमिनीत रुतलेली नळकांडी अशा दृश्य गोष्टींची वर्णने प्रकरण क्रमांकासह वहीत उतरवून ठेवावीत. हीच नोंद पुढे प्रत्येक चित्र पारखण्यासाठी उपयोगी पडते.

ही कादंबरी निवडण्याचे आणखी एक कारण असे की चित्र आणि मजकूर यांच्यातला वाद तिच्या पानांतच नोंदलेला आहे. पुस्तकाआधी, एप्रिल ते डिसेंबर १८९७ या काळात, ती ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिच्यासाठी वॉरविक गोबल यांनी चित्रे काढली. त्या चित्रांतली यंत्रे ताठर आणि निर्जीव वाटतात. पुस्तकाच्या दुसऱ्या भागातल्या दुसऱ्या प्रकरणात निवेदक या युद्धावरच्या एका छोट्या पुस्तिकेतल्या चित्रांची आठवण काढतो आणि चित्रकाराने ही यंत्रे तिरकी, ताठ, लवचीकपणा नसलेली दाखवली अशी तक्रार करतो. नवशिक्याने हा उतारा सर्वांत आधी वाचावा. लेखकाला कोणत्या प्रकारचे चित्र मान्य नव्हते हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या कादंबऱ्यांत सापडते.

आता क्रमाने पाहावे. लंडनच्या हाइनमन या प्रकाशनाने १८९८ साली काढलेल्या पहिल्या पुस्तकावर चित्रच नाही. राखाडी कापडी बांधणीवर काळ्या अक्षरांत नाव आहे, एवढेच. १९०६ मध्ये ब्रसेल्समध्ये फ्रेंच भाषांतराची फक्त ५०० प्रतींची एक आवृत्ती निघाली. तिच्यासाठी एन्रिके आल्विम कोरेया या ब्राझिलियन चित्रकाराने काढलेल्या चित्रांत यंत्रांना डोळ्यांसारखे गोल दिवे आहेत, त्यांचे पाय वाकतात, आणि ती जिवंत प्राण्यांसारखी शहरावर झुकलेली दिसतात. वेल्स यांच्या मजकुरातला लवचीकपणा प्रथम इथे कागदावर आला असे माझे मत आहे, आणि गोबल व कोरेया यांची चित्रे एकामागून एक पाहिल्यावर बहुतेकांना ते पटेल. ही पुस्तकाच्या आतली चित्रे आहेत हे मात्र वहीत नोंदवावे. पुढे अनेक प्रकाशकांनी ती मुखपृष्ठावर वापरली, त्यामुळे १९०६ चे चित्र आणि गेल्या काही वर्षांतले पुस्तक असा गोंधळ सहज होतो. ऑगस्ट १९२७ मध्ये अमेरिकेतल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकाने ही कादंबरी पुन्हा छापली तेव्हा मुखपृष्ठ फ्रँक आर. पॉल यांनी केले. पॉल यांनी वास्तुरेखनाचे शिक्षण घेतले होते, आणि त्यांच्या चित्रांत यंत्रे मन लावून रेखाटलेली असतात तर माणसे बाहुल्यांसारखी उभी असतात. १९६० च्या एका आवृत्तीत एडवर्ड गोरी यांनी याच यंत्रांना बारीक, किडकिडीत पाय दिले. एवढी चार-पाच चित्रे सालानुसार लावली तरी साठ वर्षांतला प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो.

साल निश्चित करणे

तुलनेतली बहुतेक गफलत सालाच्या बाबतीत होते. मुखपृष्ठाची प्रतिमा कोठेतरी मिळते, खाली कादंबरीचे मूळ साल लिहिलेले असते, आणि वाचक ते मुखपृष्ठाचेच साल समजतो. म्हणून श्रेयपान, म्हणजे प्रकाशक, साल आणि श्रेये छापलेले पान, पाहिल्याशिवाय साल लिहू नये.

इंग्रजी पुस्तकात शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला प्रथम प्रकाशनाचे आणि पुढच्या छपायांचे साल असते. अनेक पुस्तकांत १ पासून १० पर्यंत आकड्यांची एक ओळ छापलेली असते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा ती कितवी छपाई आहे हे सांगतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दहा आकडी असेल तर पुस्तक साधारणपणे २००६ पर्यंतचे आहे आणि तेरा आकडी असेल तर बहुधा त्यानंतरचे, कारण तेरा आकडी पद्धत १ जानेवारी २००७ पासून लागू झाली. आयएसबीएन मुळीच नसेल तर पुस्तक बहुधा १९७० च्या आधीचे समजावे. ब्रिटिश पेपरबॅकच्या मलपृष्ठावरची किंमतही साक्ष देते. ब्रिटनमध्ये दशमान नाणेपद्धती १५ फेब्रुवारी १९७१ रोजी आली, त्यामुळे केवळ शिलिंग-पेन्समध्ये किंमत असलेली प्रत त्याआधीची, आणि दोन्ही पद्धतींनी किंमत छापलेली प्रत त्या बदलाच्या आसपासची मानता येते. भारतात विकल्या गेलेल्या प्रतींवर पुष्कळदा विक्रेत्याची रुपयांची चिकटपट्टी मूळ किमतीवर लावलेली असते. ती ओरबाडू नये. प्रकाशासमोर धरली तर खालचा आकडा बहुधा वाचता येतो.

प्रत हाताशी नसेल तेव्हा ‘इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस’ हे संकेतस्थळ सर्वांत उपयुक्त आहे. त्यावर कादंबरीचे नाव शोधले की तिच्या आवृत्त्यांची साल, प्रकाशक, किंमत आणि माहीत असल्यास मुखपृष्ठकार यांसह यादी मिळते. पाने मुख्यतः मजकुराची असल्यामुळे ती मंद नेटवरही उघडतात. चित्र मोठे पाहायचे असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेल्या प्रती शोधाव्यात. खरेदीच्या संकेतस्थळांवर मात्र विसंबू नये. तिथे एका आवृत्तीच्या माहितीसमोर दुसऱ्याच आवृत्तीचे चित्र लावलेले असते, आणि स्वामित्वहक्क संपलेल्या कादंबऱ्यांच्या मागणीनुसार छापलेल्या असंख्य प्रतींवर कोठूनही उचललेली, चित्रकाराचे नाव नसलेली चित्रे असतात. अशा प्रती निदान सुरुवातीला तुलनेतून वगळाव्यात.

ग्रंथालयातले काम

तालुक्याच्या किंवा गावाच्या ग्रंथालयात, मग ते ‘अ’ वर्गाचे असो की ‘ड’ वर्गाचे, एक अडचण हमखास येते. सतत हाताळली जाणारी पुस्तके खिळखिळी झाली की ती पुन्हा बांधून घेतली जातात, आणि त्यावेळी मूळ मुखपृष्ठ जाऊन त्याजागी रेक्झिनचा किंवा जाड पुठ्ठ्याचा कोरा कव्हर येतो. अशा वेळी पुस्तक परत ठेवण्यापूर्वी आतली पहिली पाने उलटून पाहावीत, कारण काळजीपूर्वक काम करणारा बांधणीकार मूळ मुखपृष्ठ कापून आत चिकटवतो किंवा आत शिवून घेतो. ते तिथेही नसले तरी ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे छापलेले चित्रकाराचे नाव श्रेयपानावर राहते, आणि त्या नावाच्या आधारे दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधता येते.

ग्रंथपालांना विनंती करून दाखल नोंदवही पाहावी. पुस्तकावरच्या शिक्क्यातला दाखल क्रमांक त्या वहीत शोधला की ते ग्रंथालयात कोणत्या तारखेला आणि किती किमतीला आले हे कळते, आणि श्रेयपान फाटलेले असले तरी प्रत त्या तारखेपूर्वी छापली गेली एवढे निश्चित होते. ग्रामीण ग्रंथालयात ग्रंथपाल अल्प मानधनावर आणि ठरावीक वेळेतच काम करतात. म्हणून आधी विचारून जावे, एका वेळी दोन-तीनच पुस्तके मागावीत आणि ती जागच्या जागी ठेवून यावीत.

नागपूरला जाणे झाले तर सीताबर्डी परिसरातल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे इंग्रजी पेपरबॅक चाळावेत. गावातल्या रद्दीच्या दुकानातही कधीकधी शिक्षकांच्या घरून आलेले गठ्ठे असतात. साहित्य संमेलन विदर्भात भरते तेव्हा, जसे ते २०१९ मध्ये यवतमाळला आणि २०२३ मध्ये वर्ध्याला भरले होते, तिथल्या ग्रंथप्रदर्शनात एकाच पुस्तकाची जुनी व नवी छपाई एकत्र पाहण्याची संधी मिळते.

छायाचित्र, आकार आणि रंग

फोनच्या पडद्यावर सगळी मुखपृष्ठे एकाच आकाराची दिसतात, आणि त्यामुळे फार महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटते. खिशात मावणारा ब्रिटिश पेपरबॅक सुमारे ११ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच असतो, तर मराठी कादंबरीचा नेहमीचा डेमी आकार त्याहून बराच मोठा असतो. लहान मुखपृष्ठावर चित्रकाराला एकच ठळक आकृती परवडते. मोठ्या वेष्टनावर (पुस्तकावर घातलेल्या सुट्या कागदी आवरणावर) पार्श्वभूमी, गर्दी, दूरचे शहर हे सर्व मांडता येते. म्हणून प्रत्येक प्रतीची रुंदी व उंची मोजून लिहावी आणि शक्य असेल तिथे मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे.

छायाचित्रासाठी ओसरीतली किंवा पडवीतली सावली, सकाळी नऊच्या आत, सर्वांत चांगली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यानंतरचे ऊन इतके पांढरे होते की गुळगुळीत मुखपृष्ठावर नुसती चमक उरते. फ्लॅश वापरू नये, फोन पुस्तकाला समांतर धरावा, आणि कणा व मलपृष्ठही टिपावे. रंगांविषयी मत देताना सावध राहावे. उन्हात राहिलेल्या छपाईतला लाल आणि पिवळा रंग आधी उडतो आणि निळसर छटा मागे राहते, त्यामुळे जुने मुखपृष्ठ मुळातच थंड रंगांत केले होते असा चुकीचा समज होऊ शकतो. वेष्टनाची आत दुमडलेली घडी किंवा दुसरी प्रत पाहून खात्री करावी. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या पेपरबॅकचा डिंक वाळून कडक होतो. अशी प्रत छायाचित्रासाठी सपाट उघडली तर कणा तुटतो, म्हणून ती अर्धीच उघडावी.

मजकुराशी पडताळणी

हा भाग सर्वांत सावकाश करावा. प्रत्येक मुखपृष्ठासमोर वहीत दोन गोष्टी लिहाव्यात: चित्रात दिसणारी पण मजकुरात नसलेली गोष्ट, आणि मजकुरात ठळक असूनही चित्रकाराने गाळलेली गोष्ट. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’च्या एखाद्या मुखपृष्ठावर पाय नसलेली, हवेत तरंगणारी, माशासारखी चपटी यंत्रे दिसली तर ती कादंबरीतून आलेली नाहीत, १९५३ च्या हॉलिवूड चित्रपटातून आलेली आहेत. असे मुखपृष्ठ त्या सालाच्या आधीचे असू शकत नाही, म्हणजे साल ठरवायलाही चित्राची मदत होते.

ज्यूल व्हर्न यांच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या कादंबरीत हेच अधिक तपशिलाने करता येते. १८६९-७० मध्ये आलेल्या या कादंबरीत नॉटिलस ही पाणबुडी दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी, सिगारच्या आकाराची, ७० मीटर लांब आणि जास्तीत जास्त ८ मीटर रुंद अशी मोजमापांसह वर्णिली आहे. पाठीवर दातेरी कणा असलेली, खिळ्यांनी जडवलेली, जलचरासारखी पाणबुडी मुखपृष्ठावर दिसली तर ती १९५४ च्या डिस्ने चित्रपटाची छाया आहे. एदुआर रिऊ आणि आल्फाँस द न्यूव्हिल यांची मूळ फ्रेंच चित्रे समोर ठेवली की हा फरक लगेच कळतो. त्याच वेळी एत्झेल या प्रकाशकाच्या प्रसिद्ध लाल-सोनेरी कापडी बांधण्याही पाहाव्यात. त्यांवरची पृथ्वीगोल, हत्ती, जहाज अशी सजावट मालिकेतल्या अनेक पुस्तकांवर सारखीच असे. तिच्यात एखाद्या प्रसंगाचा अर्थ शोधत बसू नये. ते मुखपृष्ठ मालिकेचे आहे, कादंबरीचे नाही.

याच कादंबरीतल्या कॅप्टन निमोकडे आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पहिल्या कादंबरीत त्याचा देश गुप्त ठेवला आहे. निवेदकाला त्याच्यात दक्षिणेकडचे रक्त जाणवते, पण हे लोक स्पॅनिश, तुर्क, अरब की भारतीय हे त्याला ठरवता येत नाही. पुढे १८७४-७५ मध्ये आलेल्या ‘द मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत तो बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार असल्याचे उघड होते. बुंदेलखंड आपल्या विदर्भापासून फार दूर नाही, तरीही कित्येक मुखपृष्ठांवर निमो गोरा, दाढीवाला युरोपीय दर्यावर्दी दिसतो. पहिल्या फ्रेंच चित्रकारांना याचा दोष देता येत नाही, कारण त्यांच्यासमोर दुसरी कादंबरी नव्हती. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रकाराला मात्र ती उपलब्ध होती, आणि त्याने काय निवडले हे नोंदवणे हा तुलनेचा अतिशय फलदायी विषय आहे. भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत पोहोचवल्या. त्या रूपांतरांच्या जुन्या-नव्या प्रती ग्रंथालयात मिळाल्यास मराठी चित्रकारांनी ही यंत्रे आणि ही माणसे कशी पाहिली हे याच यादीत जोडावे.

विक्रीसाठी केलेले बदल

काही मुखपृष्ठे पुस्तकापेक्षा गिऱ्हाइकाविषयी जास्त सांगतात. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चे १९४९ चे पहिले ब्रिटिश वेष्टन मुख्यतः अक्षरांचेच आहे आणि ते लाल व हिरवा अशा दोन रंगांत निघाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या स्वस्त सिग्नेट पेपरबॅकवर धष्टपुष्ट नायक आणि आकर्षक नायिका आली. कादंबरीतला विन्स्टन ३९ वर्षांचा, किरकोळ अंगाचा आणि घोट्याजवळच्या जखमेने त्रस्त आहे. प्रकाशकाने मजकूर वाचलाच नव्हता असा निष्कर्ष मात्र काढू नये; बसस्थानकावर किंवा औषधाच्या दुकानात फडताळावरून पुस्तक उचलणाऱ्या वाचकाचा विचार करून ते चित्र काढले होते. २०१३ मध्ये पेंग्विनसाठी डेव्हिड पिअर्सन यांनी केलेल्या मुखपृष्ठावर शीर्षक आणि लेखकाचे नाव काळ्या पट्ट्यांनी झाकलेले आहे आणि ती अक्षरे दाबाच्या खुणांमधून जेमतेम वाचता येतात. तिन्हींमध्ये मला हेच सर्वाधिक प्रामाणिक वाटते, कारण सत्ता शब्द पुसून टाकते हा कादंबरीचा गाभा त्याने एकही माणूस न काढता पकडला आहे.

१९७० च्या दशकात ख्रिस फॉस यांनी आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेसह अनेक ब्रिटिश पेपरबॅकवर काढलेली महाकाय, रंगीबेरंगी अंतराळयानेही या दृष्टीने पाहावीत. मजकुराशी त्यांचे नाते बऱ्याचदा सैल असते, पण दुकानात दुरूनच हे विज्ञानकादंबरीचे पुस्तक आहे हे ती ओळखवून देत.

तुलना इतरांपुढे मांडताना

आठ-दहा मुखपृष्ठे सालानुसार लावून झाली की ती ग्रंथालयाच्या भिंतीवर किंवा शाळेच्या विज्ञानप्रदर्शनात मांडता येतात. खासगी अभ्यासासाठी आणि समीक्षेसाठी प्रतिमा वापरण्यास कायद्यात वाव आहे, परंतु मोठ्या आकारात छापून लावायच्या असतील तर हक्क संपलेली चित्रे निवडणे चांगले. भारतात हा हक्क निर्मात्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. आल्विम कोरेया १९१० मध्ये, वॉरविक गोबल १९४३ मध्ये आणि फ्रँक पॉल १९६३ मध्ये निधन पावले, म्हणून या तिघांची चित्रे आता वापरता येतात. गोरी यांचे निधन २००० साली झाले, त्यामुळे त्यांची चित्रे छापून लावू नयेत.

प्रत्येक चित्राखाली मराठीत एक चिठ्ठी लावावी. तिच्यावर कादंबरी, लेखक, प्रकाशक, ठिकाण, या छपाईचे साल, चित्रकाराचे नाव, प्रत्यक्ष आकार आणि त्या चित्राशी संबंधित मजकुराचे एक-दोन ओळींचे मराठी भाषांतर प्रकरण क्रमांकासह असावे. चित्रकाराचे नाव मिळाले नसेल तर ती ओळ गाळू नये. ‘पुस्तकात चित्रकाराचे नाव छापलेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. प्रदर्शनाच्या टेबलावर वही उघडी ठेवावी, म्हणजे ज्यांच्या घरी त्याच कादंबरीची वेगळी प्रत असेल त्यांना तिचे साल, आकार आणि किंमत तिथेच नोंदवता येईल.